पहिली कात्री

द्राक्षाच्या काडीवरचा डोळा पात्याने मधोमध उभा कापला, की आधी तपकिरी खवले दिसतात. त्यांच्या आत तांबूस कापसाचा पातळ थर असतो आणि त्या कापसात एक हिरवा ठिपका. नुसत्या नजरेला तो ठिपकाच. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्याला आकार येतो. खसखशीच्या दाण्याहून लहान जागेत आणखी लहान गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, वर रुंद, खाली निमुळत्या. मार्चमध्ये पेटीत भरायचा घड सप्टेंबरात एवढा असतो.

"दिसला का?" मी विचारलं.

"दिसतीय की. माझीच पापणी," हौसाकाकी म्हणाली.

"एक डोळा मिटू नकोस. दोन्ही उघडे ठेव आणि जराशी मागे हो."

तिनं पदर कमरेला खोचला, जणू सूक्ष्मदर्शकाशी झोंबीच घ्यायची होती, आणि पुन्हा वाकली. मी बाजूचं चाक केसभर फिरवलं.

"आगं बया!" ती ओरडली. "घड हाय की गं ह्यात! मणी बी हायती!"

"मणी नाहीत अजून. मण्यांची जागा आहे."

"तू गप. मी बघतीय न्हवं."

आता माझ्या प्रयोगशाळेत हे सगळं पडद्यावर दिसतं. शेतकरी खुर्च्या ओढून रांगेत बसतात आणि आपल्या बागेचं भविष्य चहा पीत बघतात. ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची. तेव्हा तासगावात एका खतांच्या दुकानावर माझी एक खोली होती. खोलीत एक टेबल, दोन स्टुलं, एक सूक्ष्मदर्शक आणि पात्यांचं पाकीट. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून मी परत आले, तेव्हा "कॉलेजात शिकवायचं सोडून ही काड्या कापत बसली," असं गावात म्हणत. पण छाटणीच्या आधी लोक बागेतल्या काड्या घेऊन यायला लागले होते. काडीवर पेऱ्यापेऱ्याशी जो फुगीर कोंब असतो, तो डोळा. घड कितव्या डोळ्यात आहे ते मी कापून बघायचे आणि सांगायचे. त्याच्या पुढे कात्री लावायची. एक डोळा चुकला तर घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, फुटतात, हवेत हात हलवणाऱ्या.

हौसाकाकी माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. चुलत्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांच्या घरी एक रिवाज होता: छाटणीची पहिली कात्री काकीची. हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि पहिल्या वेलीची पहिली काडी काकीनं छाटायची. मग मजूर कामाला लागायचे. एकदाच, काकी तापानं आजारी असताना, तात्यांनी कात्री हातात घेतली होती. उत्साहात त्यांनी अख्खी पहिली ओळ स्वतःच छाटली, आणि ती सगळी चुकीच्या डोळ्यावर. त्या वर्षी त्या ओळीला एकही घड लागला नाही. गावात अजून तिला तात्यांची ओळ म्हणतात. पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात.

त्या दिवशी दोघं मिळून काड्यांची मोळी घेऊन आले होते. तात्या मोळी टेबलावर टाकून लगेच खाली दुकानात गेले. त्यांचा आवाज जिन्यावरून वर येत होता. फवारणीचं मोरचूद मागच्या वर्षी भेसळीचं निघालं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच पिंपाला गंज होता, असं दुकानदाराचं.

"बसलं आता तिथंच," काकी म्हणाली. "तुझ्या काकांना भांडायला माणूस मिळाला, की जेवायचं बी सुधरत न्हाई."

मी पुढचा डोळा कापायला घेतला. मला त्या दिवशी काड्यांपेक्षा दुसरंच बोलायचं होतं आणि काकीला ते माहीत होतं.

आषाढात ती एकदा माझ्याकडे आली होती. दार लावून घेऊन म्हणाली होती, "उजे, हात दे जरा." माझा हात तिनं आपल्या डाव्या छातीवर, काखेच्या बाजूला वरच्या अंगाला ठेवला. बोटांखाली सुपारीएवढी गाठ लागली. कठीण. दाबली तरी न दुखणारी. मी तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही बाजू, दोन्ही काखा नीट तपासल्या आणि सांगितलं, "काखेत काही लागत नाही. ही गाठ साधीही असू शकेल, पुष्कळ गाठी साध्या असतात. पण हात लावून ते कळत नाही. मिरजेला जाऊन सुईनं नमुना काढून घ्या, आणि उशीर करू नका."

"जाऊ की," काकी म्हणाली होती.

मग पंचमी आली. पंचमी झाली की जाऊ. मग गौरी-गणपती आले. गौरी उठल्या की जाऊ. मग पितरं. देव झाले, पितर झाले, आता बाग उरली होती. मी तात्यांशीही बोलून पाहिलं. एरवी कुठल्याही विषयावर तासभर बोलणारा माणूस धोतराचा सोगा नीट करत म्हणाला, "छाटणी पार पडू दे," आणि उठून गुरांकडे गेला.

"काकी," मी म्हणाले, "छाटणीनंतर घडांची विरळणी येईल."

"येणारच की. छाटणीआधी येती व्हय विरळणी?"

"मग माल काढणीला येईल. मग पुन्हा एप्रिलातली छाटणी."

"तुला बागंतलं लई कळाय लागलं," ती म्हणाली. पण ती हसली नाही. तिनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तशीच वाकून राहिली. मान वर न करता तिनं विचारलं, "ह्यो घड आत बसलाय, बाहेरनं दिसत न्हाई. ती माझ्यातली गाठ बी आशीच कुठंतरी बसली आसंल न्हवं? आत नक्की काय आसतंय तिथं? मला आजवर कुणी सांगिटलंच न्हाई. चार पोरं पाजली मी."

फळीवर मागच्या हंगामातला एक वाळका घड मी नमुना म्हणून ठेवला होता. मणी बरेचसे गळलेले, देठांचा सांगाडा शाबूत. तो मी तिच्यापुढे उलटा धरला, मुख्य देठ वर करून.

"हे बघ. छातीत असे पंधरा-वीस घड असतात, गोल मांडलेले, सगळ्यांचे देठ बोंडाकडे. मण्यांत दूध तयार होतं. बारीक देठांतून मोठ्या देठात येतं आणि मोठ्या देठातून बाहेर. मधल्या मोकळ्या जागेत चरबी भरलेली."

"पेटीत घड ठेवताना कागद भरतो तशी."

"तशीच."

"आन रोग मण्यात धरतो का देठात?"

"बहुतेक वेळा देठात. देठ आतून पोकळ असतात, नळीसारखे, आणि नळीला आतून पातळ अस्तर असतं. तिथं सुरू होतो. काही वेळा मण्यांत."

काकीनं तो सांगाडा हातात घेतला आणि दिव्याकडे धरून त्यातून आरपार बघितलं. "मग त्येला फवारा कसा पोचणार? भुरी आसती तर मण्यावर दिसली आसती."

"भुरी नाही काकी ही. भुरी ही बुरशी, ती बाहेरून येते, वाऱ्यावर. हे बाहेरून येत नाही. आपलीच पेशी असते. इतर पेशी वेळ झाली की थांबतात. ही थांबायचं विसरते आणि वाढतच जाते. शेजारणीची जागा खाते."

"म्हंजे भाऊबंदकी," काकी म्हणाली.

मी इतकी वर्षं शास्त्र शिकले, पण ह्यावर मला काही दुरुस्ती सुचेना.

"घरातलाच, एकाच आईचा," तिला विषय सापडला होता, "आन बांध कोरतोय. आमच्या भावकीतल्या रामभाऊवानी. आधी आपल्या वावरात गप आसतोय. मग एका पावसाळ्यात जरा बांध कोरला, दुसऱ्या पावसाळ्यात जरा."

"अगदी तसंच आहे. नळीच्या आत आहे तोवर तो आपल्या वावरात असतो. नळीची भिंत कोरून बाहेर पडला, की पसरायला लागतो."

"मग त्या बांधाला सुई मारून वाट कशाला करून द्यायची?" तिनं सांगाडा टेबलावर ठेवला. हाच तिचा प्रश्न होता. पंचमी, गौरी, पितरं हे सगळे त्याच्यापुढं धरलेले पदर होते. "तू शिकलीयास, मी न्हाई. पण पावसात काडी छाटली आन जखमेला मोरचूद-चुन्याचा बोर्डो लावला न्हाई, तर रोग आत शिरतो का न्हाई? खरं सांग."

"शिरतो."

"आन रोगट वेलीची कात्री धुतल्याबिगर दुसऱ्या वेलीला लावली तर?"

"लागतो तिलाही."

"मग? गाठीत सुई घालायची, मुरवायची, हलवायची, बाहेर काढायची. वर बोर्डो बी न्हाई."

"वर पट्टी लावतात."

"पट्टी!" काकीनं कपाळाला हात लावला. "पट्टीनं बोर्डोचं काम झालं आसतं तर तुझं काका खाली घसा कोरडा करत बसलं आसतं व्हय?"

मला हसू आलं आणि तिलाही. खरं म्हणजे ती बरोबर बोलत होती. बागेपुरतं तिचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. वेलीला जे होतं ते जखमेतून आत येतं, म्हणून जखमेला जपायचं. हा कायदा तिनं तीस वर्षं पाळला होता आणि त्यावर बाग उभी होती.

"वेलीचा रोग बाहेर असतो, तो जखमेतून आत येतो," मी म्हणाले. "हा आधीच आत आहे. त्याला दार नको असतं, तो स्वतःचं दार स्वतः करतो. सुईनं तो पसरत नाही. डॉक्टरांनी हजारो बायकांचं बघून ठेवलंय ते."

"हजारोंचं मला काय करायचंय?" काकी म्हणाली. "मी एकीचं बघितलंय."

मला माहीत होतं कुणाचं. बनाक्का, काकीची थोरली बहीण. मी तेव्हा कोल्हापूरला शिकत होते. तिला छातीत गाठ झाली होती आणि ती गेली, एवढंच मला कळलं होतं. काकीनं त्यापुढे कधी काही सांगितलं नव्हतं.

"दिवाळीत सुई लावली तिला," काकी म्हणाली. "दिवाळीपतोर हिंडतफिरत हुती. सुई लावली आन काखेत ही एवढाल्या गाठी आल्या, मग पाठीत दुखाय लागलं, मग अंथरुणच. शिमगा बघितला न्हाई तिनं. आन सुईला नेलं कुणी ठाव हाय? ह्यांनी. तुझ्या काकांनी. ती नको म्हणत हुती, ह्यांनी जीप केली, समजूत घातली. मी त्यांना कधी एका शब्दानं बोलली न्हाई. पण कुणी सुई म्हटलं की तोंड बघ त्यांचं."

खालून तात्या मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. भांडण मिटलं असावं.

मी हातातलं पातं खाली ठेवलं. मी सरळ शास्त्राकडेच गेले. मला तेवढंच येतं.

"काकी, तुमच्या खालच्या मळ्यात पाणी साचायचं, तेव्हा तात्यांनी काय केलं होतं?"

"चरी मारल्या. निचऱ्याला."

"शरीरातही तशा चरी असतात. रक्ताच्या नळ्या वेगळ्या, ह्या वेगळ्या. मांसात झिरपलेलं जादा पाणी त्या वाहून नेतात. छातीतल्या बहुतेक चरी काखेत येतात. तिथं बारीक गाठी असतात, प्रत्येकाच्याच, चरीला मधे चेंबर बांधतात ना तशा. गाळ तिथं अडतो. बांध कोरून बाहेर पडलेल्या पेशी चरीला लागल्या, की बहुधा आधी काखेत जाऊन अडकतात. तिथं वाढल्या की काख फुगते. तिथून पुढे, किंवा रक्तातून, हाडांत जातात, फुप्फुसांत, यकृतात."

"आधी काखेत," काकी म्हणाली.

"बहुधा."

"कुठल्या काखेत?"

"ज्या बाजूला गाठ असेल त्या."

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा डावा हात आपल्याच उजव्या बाहीखाली, पोलक्याच्या शिवणीवर फिरत होता. तिची गाठ त्या बाजूला नव्हती.

"तिची उजवी हुती," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच साली पंचमीला आमी दोघी म्हायारी गेलेलो. म्हायारात माझं जुनं शिलाईचं मशीन हाय. बनाक्का म्हणाली, हौसा, ह्या पोलक्याची काख दाटतीय, जरा उसव. मी बघितलं तर नुसती उजवी. डावी मोकळी. मी म्हटलं, आक्का, तू एका काखेनंच जाड व्हाय लागलीस काय गं? लई हसली ती. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली." काकीचा हात शिवणीवरच होता. "मी उसवलं आन आत चौकोनी तुकडा घातला. रंग जुळंना, हिरव्यात पिवळा घातला. त्या वर्साला झोक्यावर बी बसली न्हाई. हात वर जात न्हाई म्हणाली."

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"पंचमी," काकी म्हणाली. "आन सुई दिवाळीला."

"हो."

"म्हंजे सुईच्या आधीच..."

"हो, काकी."

"रोग चेंबरपतोर जाऊन पोचला हुता. आन मी तुकडा घालून जागा करून दिली."

"पोलक्यात जागा करून दिलीस. तिला तेवढा आराम पडला असेल."

काकीनं पदरानं डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग त्याच पदरानं सूक्ष्मदर्शकाची डोळा लावायची काच पुसायला घेतली. मी घाईनं तिचा हात धरला.

"माझ्या काखेत डॉक्टरीणबाईंना काय लागलं न्हवतं न्हवं?"

"आषाढात नव्हतं."

"आन आता?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आता मला माहीत नाही," मी म्हणाले.

ती उठली. खिडकीशी जाऊन तिनं खाली बघितलं. परत आली आणि मोळीतून एक काडी ओढून घेतली. जाड, गुळगुळीत, पक्क्या बदामी रंगाची. बुडापासून अंगठ्यानं तिनं डोळे मोजले. "पातं दे."

"बोट कापशील."

"तुझ्या जन्माच्या आधीपासनं कात्री धरतीय मी. दे."

तिनं पाचव्या डोळ्यावर पातं ठेवलं आणि एका दाबात तो उभा चिरला. माझ्यापेक्षा सरळ. अर्धा भाग मी काचेखाली सरकवला. आधी तिनं बघितलं, मग मी. मधोमध घड होता, भरदार, दोन्ही खांद्यांनी रुंद.

"ही काडी तर गेली," काकी म्हणाली.

"गेली."

"ही मोळी सगळीच गेली. आन बागंला काय झालं? काय न्हाई. बाग आपली उभी हाय." तिनं कापलेला डोळा तळहातावर घेतला. "काड्या कापून आणताना मी एकदा तरी म्हटलं का, उजे, वेलीला इचारूया, तिला भ्या वाटतंय का?"

"नाही म्हटलंस."

"मग," ती म्हणाली, पण वाक्य पुरं केलं नाही. जिन्यावर पावलं वाजली.

तात्या भडंगाचा पुडा आणि मोरचुदाची पिशवी एकाच काखेत मारून आत आले. "दिलं शेवटी चांगलं. म्हणतोय, तात्या, तुमच्याशी बोलून आयुष्य कमी हुतंय. मी म्हटलं, मोरचूद बदल, वाढंल." त्यांनी स्टूल ओढलं. "काय निघालं? घड हाय का बाळ्या?"

"घड आहेत. पाचव्या डोळ्यात सगळ्यांत चांगले," मी म्हणाले.

"बास! मग सोमवार पक्का. मजूर सांगून ठिवल्यात. नारळ घरात हाय." त्यांनी पुडा फोडला आणि पहिली मूठ काकीपुढे धरली. तेव्हा त्यांना तिचे डोळे दिसले. मूठ तशीच राहिली. "काय झालं?"

"अवो," काकी म्हणाली, "बनाक्काचं ते हिरवं पोलकं आठवतंय का? काखेत पिवळा तुकडा घातलेलं?"

तात्यांचा चेहरा एकदम उतरला. बनाक्काचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. "आठवतंय की. सगळी हसायची त्येला."

"त्यो तुकडा मी पंचमीला घातला हुता. तवाच तिची काख सुजली हुती. तुमी तिला सुईला नेलं दिवाळीला."

"बरं. मग?"

"मग काय? आधी काख सुजली, मग सुई लागली. सुईनं न्हाई गेली ती. तुमी न्हेलं म्हणून न्हाई गेली."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी मुठीतलं भडंग पुन्हा पुड्यात टाकायचा प्रयत्न केला. निम्मं टेबलावर सांडलं, काड्यांवर, काचांवर. ते एकेक शेंगदाणा वेचायला लागले. फार सावकाश.

"ऱ्हाऊ द्या, उजी गोळा करंल," काकी म्हणाली. "आन ऐका. सोमवारी पहिली कात्री तुमी मारा."

"मी?" तात्या दचकले. "आगं, त्या वळीचं नाव लोक अजून काढत्यात."

"काढू देत. ह्या खेपेला एकापास्नं मोजा, गडबड करू नका. पाचवा डोळा, त्याच्या म्होरं कात्री. आन जखमेला बोर्डो."

"आन तू कुठं जाणार?"

काकीनं तळहातावरचा कापलेला डोळा हळूच टेबलावर ठेवला, भडंगापासून लांब. मग दोन्ही हात पदराला पुसले.

"मी उजीसंगं मिरजेला जाणार," ती म्हणाली. "सुई टोचून घ्यायला."